खोपा कोण विणतं आणि अंडी कोण उबवतं?

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की या सदराचं टपाल वाढतं, दरवर्षीचं आहे हे. उन्हाळ्यात लोक पाण्याचं भांडं कुठं ठेवू एवढंच विचारतात, आणि पाऊस पडला की विहिरीवर खोपे, शेतात टिटवी, गाडीच्या आरशावर कुठलंतरी पाखरू, सगळ्यांना एकदम प्रश्न पडायला लागतात. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, आता रिटायर होऊन सांगलीत घरी असतो, त्यामुळं पत्रं वाचायला वेळच वेळ आहे.

यावेळच्या निम्म्याहून जास्त पत्रांत नर कुठला आणि मादी कुठली इथंच घोळ झालाय. तुमचा काही दोष नाही, आपल्या मराठीनंच तो घालून ठेवलाय. सुगरण, कोकिळा, टिटवी, चिमणी, साळुंकी, घार या सगळ्या बायका आणि कावळा, मोर, पोपट, बगळा हे सगळे बाप्ये! व्याकरणाला चालतं, पाखरांना नाही चालत.

प्रश्न : आमच्या विहिरीवरच्या बाभळीला पंचवीस-तीस खोपे लागलेत. काहींना पूर्ण नळी आहे, काही निम्मेच, हेल्मेटसारखे. आजोबा म्हणायचे की निम्मा खोपा म्हणजे नराचा झोका, तो पावसात त्यात बसून झुलतो. आणि आत चिखलात काजवा चिकटवून सुगरण उजेड करते. हे खरं का? — एक ऊस बागायतदार, वाळवा तालुका

उत्तर : झोका बिका काही नाही, तो एकतर अजून चालू असलेला खोपा आहे नाहीतर नापास झालेला खोपा आहे. आणि नापास कोण करतं, तर मादी. विणतो तो नर.

म्हणजे शाळेत आपण सगळ्यांनी जी खोप्याची कविता पाठ केली तिथपासूनच आपल्याला वाटत आलंय की ही बाई किती गुणाची, पिलासाठी झुलता बंगला बांधते. पण तुम्ही विहिरीवर सकाळी अर्धा तास बसा, विणणाऱ्या पाखराचं डोकं पिवळंधमक दिसेल आणि गालावर काळपट मुखवटा घातल्यासारखं. तो नर. मादी चिमणीसारखी मळकट, तपकिरी रेघांची, आणि ती विणत नाही, ती येऊन बघते.

त्याची गवताची पट्टी काढायची पद्धत बघण्यासारखी आहे, तुमच्या उसातच चाललेली असणार. उसाच्या पात्याच्या कडेला तो चोचीनं एक खाच पाडतो, ती कड चोचीत घट्ट धरतो आणि सरळ उडतो, उडता उडता पात्याची दोऱ्यासारखी लांब पट्टी फाटून त्याच्याबरोबर येते. एका खोप्यासाठी अशा शेकडो खेपा, पाचशेपर्यंत सुद्धा जातात. आधी फांदीला गाठी मारून लोंबता दोर, मग त्याच्याखाली एक कडं, मग त्या कड्यातच बसून एका अंगाला अंड्याची खोली. कडं आणि खोली झाली की खोपा तुम्ही म्हणता तसा हेल्मेटसारखा दिसतो, इथंपर्यंत यायला आठवडाभर लागतो. आणि इथं तो काम थांबवतो! खोप्याला लटकून पंख फडफडवत आरडाओरडा सुरू करतो. माद्या येतात, आत शिरतात, चोचीनं ओढून बघतात, निघून जातात. एखादीला पटला तर तो पुढची नळी विणून खोपा पुरा करतो, ती आत थोडं मऊ अस्तर घालते, अंडी घालते, आणि उबवायचं काम तिचं एकटीचं. हा गडी तोवर शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा सुरू करून बसलेला असतो, दुसरीसाठी. कुणालाच पटला नाही तर खोपा तसाच निम्मा राहतो, तोच तुमच्या आजोबांचा झोका.

ही सगळी भानगड नीट मांडली सलीम अली यांनी. 1930 साली ते जर्मनीहून शिकून परत आले तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची नोकरीची जागाच बंद झालेली. मग अलिबागजवळ किहीमला राहायला गेले, घराजवळच बायांची वसाहत होती, बाया म्हणजे तुमची सुगरण, आणि पावसाळाभर ते तेवढंच बघत बसले. कोण कुठल्या खोप्यात गेलं, कधी गेलं, किती वेळ थांबलं. 1931 मध्ये तो लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. नोकरी असती तर कदाचित आपण अजूनही नराला झोक्यावर बसवलं असतं.

आता मादी बघते तरी काय? आपल्याला वाटतं विणकाम. सुहेल क्वादर यांनी बायांवरच काम केलं, 2006 मध्ये छापून आलं, त्यात निघालं की विणकामापेक्षा जागेला भाव जास्त, खोपा उंचावर आहे का, काटेरी झाडावर आहे का, फांदी दमदार आहे का. फ्लॅट बघायला गेलेली माणसं फर्निचर सोडून लोकेशन विचारतात तसंच म्हणा. तुमची बाभळ, आणि ती पण विहिरीवर वाकलेली, म्हणजे सापाला, मांजराला, पोरांना सगळ्यांनाच अवघड. अजून एक बघा आणि मला कळवा, खोपे बहुतेक झाडाच्या उगवतीच्या अंगाला असतील. पावसाचं वारं नैऋत्येकडून येतं, झाडाचा आडोसा मिळतो.

काजव्याचं म्हणाल तर चिखल खरा आहे. नर चोचीतून ओला चिखल आणून हेल्मेटच्या आत गोळे लिंपतो, खाली पडलेले जुने खोपे उसवून मी पाहिलेत, वाळलेल्या मातीचे गोळे निघतात. काजवा एकदाही निघाला नाही. आजोबांना मात्र सांगत बसू नका, गोष्ट छान आहे.

प्रश्न : माझं लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, शेड आहे. कंपनीचा डॉक्टर सांगतो सोळा तास उजेड द्या, म्हणून पहाटे आणि संध्याकाळी बल्ब लावतो. गेल्या महिन्यात टायमर बिघडला, आठ दिवस लाइट कमी पडली तर अंडी घसरली. उजेडाचा आणि अंड्याचा संबंध काय? दिसायला लागलं की जास्त खातात म्हणून का? — विटा

उत्तर : खाण्याचा भाग किरकोळ आहे, खरा संबंध मेंदूशी आहे, आणि तो पण डोळ्यातून नाही. थांबा, सांगतो.

पाखरांच्या अंगात एक सोय असते जी आपल्यात नाही. पिलं काढायचा हंगाम संपला की त्यांची जननेंद्रियं आकसून जातात, नराचे वृषण तर हंगामाच्या मानानं शेकडो पटींनी लहान होतात, मोहरीच्या दाण्याएवढे सुद्धा. उडणाऱ्याला वजन परवडत नाही, कामापुरतं सामान वाढवायचं आणि काम झालं की आवरून ठेवायचं. मग पुढच्या वर्षी वाढवायचं कधी हे कळणार कसं? कॅनडात विल्यम रोवन नावाच्या माणसानं 1920 च्या दशकात याच प्रश्नावर एक खटपट केली. एडमंटनच्या कडाक्याच्या थंडीत जुन्को नावाची चिमणीएवढी पाखरं उघड्या पिंजऱ्यात ठेवली आणि रोज संध्याकाळी बल्ब लावून त्यांचा दिवस थोडा थोडा लांबवत नेला. बाहेर बर्फ, गोठवणारी थंडी, आणि भर हिवाळ्यात त्या पाखरांचे वृषण वसंतात वाढावेत तसे वाढले. म्हणजे ऊब नाही, दिवसाची लांबी. त्यानंतर 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवलं की डोळे नसलेल्या बदकावर पण उजेडाचा तोच परिणाम होतो. उजेड कवटीतून आत झिरपतो आणि मेंदूच्या तळाशी जो भाग आहे तो थेट उजेड ओळखतो, तिथून हार्मोन्सची साखळी सुरू होते आणि ती अंडाशयापर्यंत जाते.

तुमच्या कोंबडीच्या डोक्यात हेच चाललंय. दिवस मोठा आहे असं वाटलं की अंडी, दिवस लहान व्हायला लागला की हंगाम संपला, अंडी बंद करा, पिसं गाळा. टायमर बिघडला तेव्हा तुमच्या शेडमध्ये आठ दिवसांत हिवाळा आला म्हणा ना. म्हणून नियम असा की अंड्यावर असलेल्या कोंबडीचा उजेड कधी कमी करायचा नाही, आणि वाढत्या तलंगांचा उगाच लवकर वाढवायचा नाही, लहान वयात अंड्यावर आल्या तर त्यांच्या अंगाला सोसत नाही. टायमर दुसरा घ्या, आणि लोडशेडिंगचं काय करायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

आपल्या शिवारातल्या पाखरांचं मात्र नुसत्या उजेडावर भागत नाही. कॅनडात उन्हाळ्या-हिवाळ्यात दिवसाचा फरक प्रचंड, आपल्याकडं सांगलीत सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकरा तासांचा, जेमतेम दोन तासांचा खेळ. त्यामुळं पाऊस, हिरवं गवत, किडे-अळ्या यांची जोड लागते. वाळव्याच्या त्या सुगरणीला पट्ट्या काढायला हिरवं पातं लागतं आणि पिलाला भरवायला किडे लागतात. पाऊस लांबला की खोपे लांबले.

प्रश्न : बाजरीच्या रानात टिटवीची चार अंडी आहेत. ट्रॅक्टर घालायचा आहे. हात लावला तर माणसाच्या वासानं ती अंडी सोडते म्हणतात. आणि यंदा अंडी तालीवर उंचावर आहेत म्हणजे पाऊस भरपूर का? — आटपाडी तालुका

उत्तर : आटपाडीकराला पाऊस भरपूर हे सांगायला कुणाला आवडणार नाही! पण बघा, एकाच शिवारात एक टिटवी तालीवर घालते आणि दुसरी पाझर तलावाच्या कोरड्या पोटात, दोघींपैकी हवामान खातं कुठली? तिला लागते उघडी, खडेमुरमाची जागा, जिथून चारी बाजूचं दिसतं आणि अंडी खड्यात मिसळून जातात. हल्ली तर खडी टाकलेल्या स्लॅबवर पण घालते.

वासाचं खोटं आहे. पाखरं बहुतेक वासावरून अंडी टाकत नाहीत. पण म्हणून हात लावू नका, कारण वेगळं आहे. तुम्ही दिवसातून चार वेळा तिथं गेलात की वर तारेवर बसलेला कावळा बघत असतो, कुत्रं मागोमाग येतं, मुंगूस पायवाट धरतं. आणि भर दुपारी तुम्ही जवळ उभे राहिलात तर टिटवी अंड्यांवरून उठलेली, तेवढ्यात अंडी उन्हानं शिजतात. आपल्याकडं उन्हाळ्यात तिचं काम ऊब द्यायचं कमी आणि सावली धरायचं जास्त असतं. ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते, कूलरच. हे नर-मादी दोघं आळीपाळीनं करतात, दिसायला पण दोघं सारखेच, तेव्हा 'ती टिटवी' म्हणताना निम्म्या वेळा तुम्ही बापाबद्दल बोलताय.

ट्रॅक्टरचं असं करा, अंड्यांच्या भोवतीनं चार-पाच पावलांचा तुकडा सोडा, दोन काठ्या रोवा म्हणजे ड्रायव्हरला लांबून दिसेल. काठ्यांना फडकं बांधू नका, वाऱ्यानं हललं की ती बिचकते. अंडी उचलून बांधावर ठेवायचं मनात असेल तर नको, तिला जागा ओळखीची असते. उबवायला 28 ते 30 दिवस लागतात पण तुम्हाला दिसली तेव्हा त्यातले किती झाले असतील कुणास ठाऊक, कदाचित आठवडाच राहिला असेल. पिलं अंड्यातून निघाली की अंग वाळताच पळायला लागतात, कोंबडीच्या पिलासारखी, मग रान तुमचं. एखादी टिटवी पंख मोडल्यासारखी लंगडत पुढं पळायला लागली तर समजा पिलं तुमच्या पायाजवळ आहेत, जागेवर थांबा आणि आधी खाली बघा.

प्रश्न : माझी कॉलनीत नवीन मोटरसायकल आहे, एक चिमणा रोज येऊन आरशाला टोचा मारतो, घाण करून ठेवतो. वेडा झालाय का? — मिरज

उत्तर : शहाणा आहे, त्याला दुसरा चिमणा दिसतोय आणि तो हटत नाहीये. हंगामात नर आपली हद्द राखतो, आरशातला तेवढ्याच जोरानं उलटा टोचतो म्हणून भांडण मिटत नाही. आरशावर जुना मोजा चढवा. पिलं मोठी झाली की थांबेल.

प्रश्न : आमच्या सासूबाई सगळ्यांना सांगतात, चिमणा-चिमणीकडं बघा, जन्मभर एकमेकांना सोडत नाहीत. पक्षी खरंच इतके एकनिष्ठ असतात का? — सांगली

उत्तर : या प्रश्नाच्या मागं घरात काय चाललंय ते मी विचारत नाही.

सासूबाईंची चूक नाही, शास्त्रज्ञ पण हेच सांगायचे. डेव्हिड लॅक म्हणून मोठे पक्षीशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी 1968 मध्ये हिशोब मांडला की दहातले नऊहून जास्त पक्षी जोडीनं राहतात. जोडीनं घरटं बांधतात, जोडीनं भरवतात, डोळ्याला दिसतं ते खरंच होतं. मग 1984 साली इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं, आपल्याला ते कोर्टकेसमुळं माहिती आहे, आणि तीनच वर्षांत ते पाखरांवर वापरलं गेलं, ते पण नेमकं चिमण्यांवर! एकाच घरट्यातल्या पिलांचं रक्त तपासलं तर काही पिलं भरवणाऱ्या बापाची निघालीच नाहीत. 2002 मध्ये एक मोठा आढावा आला, त्यात जोडीनं राहणाऱ्या पक्ष्यांत सरासरी 11 टक्क्यांहून जास्त पिलं दुसऱ्या नराची होती. तेव्हापासून शास्त्रात दोन शब्द वेगळे करावे लागले, एक संसारापुरती जोडी आणि एक रक्ताची जोडी.

मादी असं का करते यावर अजून भांडणं चालू आहेत, चांगलं वाण मिळावं म्हणून की आणखी कशासाठी. पण त्यात पाप-पुण्य घालू नका, त्या चिमणीला लग्न माहिती नाही.

सासूबाईंना उदाहरण हवंच असेल तर राखी धनेश दाखवा, सांगलीत जुन्या वडा-उंबरावर दिसतो. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेनं, मातीनं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते, चोच जाईल एवढीच फट. नर दिवसभर उंबर, वडाची फळं आणून त्या फटीतून भरवतो. तो मेला तर आतल्यांचं कठीण. आणि तुम्हाला उलटं उदाहरण हवं असेल तर तळ्यातला कमळपक्षी, लांब शेपटीचा, कमळाच्या पानावर चालणारा. त्यात मादी नराहून मोठी, ती एका नराला चार अंडी घालून देते आणि दुसऱ्या नराकडं जाते, तिथं पुन्हा चार. उबवणं, पिलं सांभाळणं सगळं नराच्या गळ्यात. नावात पुन्हा 'कमळपक्षी' पुल्लिंगी असल्यानं भांडणारी मोठी ती मादी हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आमच्या एका शेजाऱ्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले सर हे छापू नका.

प्रश्न : लांडोर मोराचे अश्रू पिऊन गाभण राहते असं कीर्तनात ऐकलं. सागरेश्वरला मोर खूप आहेत पण कधी जोडी लागलेली बघितली नाही. — कडेगाव तालुका

उत्तर : बघितली नाही कारण ते काही सेकंदांत उरकतं, आणि पहाटे, झुडपात. कीर्तनकारांना बोल लावू नका, 2017 मध्ये राजस्थानात एका हायकोर्टाच्या न्यायाधीशांनी पण पत्रकारांपुढं हेच सांगितलं होतं. मोर पाठीवर चढतो, शेपटीखालचं अवस्कर म्हणजे ते एकच द्वार दोघांचं टेकतं, झालं. कोंबडा-कोंबडीचं जसं असतं तसंच. नंतर चार ते आठ अंडी जमिनीवर, झुडपाआड, आणि महिनाभर लांडोर एकटी बसते. मोर तिकडं फिरकत नाही.

मजा पिसाऱ्यात आहे. तो मुळात शेपूट नाही, शेपटीच्या वरची वाढलेली पिसं आहेत, खरी शेपूट मागून त्याला टेकू देते. पावसाळा सरला की सगळा पिसारा गळतो आणि पुन्हा येतो. 1860 मध्ये डार्विननं एका मित्राला पत्रात लिहिलं की मोराचं पीस बघितलं की मला मळमळतं, कारण जगायला असलं लोढणं कशाला हे त्याला सुटत नव्हतं. पुढं त्यानं उत्तर दिलं की लांडोरी निवडतात म्हणून. 1991 मध्ये इंग्लंडात मॅरियन पेट्री यांनी मोजून दाखवलं की जास्त डोळ्यांच्या पिसाऱ्याला जास्त माद्या. झालं, पुस्तकात गेलं. मग 2008 मध्ये जपानातल्या लोकांनी सात वर्षं मोर मोजले आणि म्हणाले, आमच्याकडं असं काहीच दिसत नाही. मी वर्गात पेट्रीबाईंचं बरीच वर्षं शिकवलं आणि जपानचं छापून आल्यावर पण दोन वर्षं तेच शिकवत राहिलो, वाचलंच नव्हतं, कबूल करतो.

प्रश्न : कोकिळा पहाटे तीनला सुरू होते. का ओरडते? — सातारा

उत्तर : ओरडते नाही, ओरडतो. काळाकुळकुळीत, लाल डोळ्याचा नर, कोकीळ. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, तिचं नुसतं किक्-किक्-किक्.

'का' या शब्दाला चार अर्थ असतात असं प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी 1963 मध्ये लिहिलं, दहा वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. एक, अंगात आत्ता काय चाललंय: हंगाम आला, हार्मोन्स वाढले, आणि तुमच्या गल्लीतल्या लाइटनं रात्र पण उजेडाची झालीय. दोन, उपयोग काय: मादीला बोलावणं, दुसऱ्या नराला हद्द सांगणं. तीन, हे पोराला आलं कुठून: आणि इथं गंमत आहे, कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, कावळ्याच्या हातचं खातं, दिवसभर काव-काव ऐकतं, आणि तरी मोठं होऊन कुहूच करतं. शिकवायला कुणी नव्हतं. चार, वाडवडिलांत हे कसं चालत आलं. तुम्हाला बहुतेक पाचवं हवंय, बंद कधी होणार. ऑगस्टपर्यंत कमी होतं, कावळ्यांची घरटी संपली की यांचं पण संपतं.

प्रश्न : मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. मला प्राण्यांच्या वागण्यावर संशोधन करायचं आहे. पण माझ्याकडं कॅमेरा नाही, दुर्बीण नाही आणि गाव साधं आहे, अभयारण्य वगैरे जवळ नाही. सुरुवात कशी करू? — तासगाव तालुका

उत्तर : तुझं गाव येरळेच्या जवळ असलं तर तुला अभयारण्य कशाला पाहिजे? नदीच्या काठाला जिथं वाळू-मातीची उभी दरड शिल्लक आहे तिथं फेब्रुवारी ते मे जाऊन बस. वेडा राघू, हिरवा, बारीक, शेपटीत दोन काड्या आल्यासारखा, तो त्या दरडीत बीळ खोदून अंडी घालतो. वेडा म्हणतात त्याला. आता त्याचा वेडेपणा ऐक.

पुण्यात गरवारे कॉलेजात मिलिंद वाटवे होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पाखरावर एक काम केलं, 2002 मध्ये छापलं. पिलं असलेला राघू चोचीत चतुर धरून येतो आणि तू बिळाजवळ उभा असशील तर तो आत जात नाही, तारेवर बसून राहतो. हे कुणीही बघितलेलं असतं. त्यांनी पुढचं विचारलं: तो माणसाला घाबरतो, की माणसाला बीळ दिसेल याला घाबरतो? मग माणूस बिळापासून तेवढ्याच अंतरावर दोन जागी उभा केला, एका जागेवरून बीळ दिसतं, दुसऱ्या जागेवरून आडोशामुळं दिसत नाही. राघूला दोन्हीकडून माणूस दिसतोच. आणि बीळ दिसत नव्हतं अशा जागी माणूस असताना राघू जास्त वेळा बिळात गेला. म्हणजे समोरच्याला काय दिसतंय याचा अंदाज एवढंसं पाखरू घेतं! याला खर्च किती आला असेल सांग? एक माणूस, एक आडोसा, घड्याळ आणि वही.

तेव्हा कॅमेऱ्याचं सोड. अडचण कॅमेऱ्याची नसतेच, बघायच्या पद्धतीची असते. आपण जे ठळक दिसतं तेवढंच टिपतो, भांडण झालं की लिहितो, नुसतं बसलेलं असलं की लिहीत नाही, मग वही वाचणाऱ्याला वाटतं पाखरं दिवसभर भांडतात. आफ्रिकेत बबून माकडांवर काम करणाऱ्या जीन अल्टमन यांनी 1974 मध्ये या घोळावर एक लेख लिहिला, तो शोधून वाच, इंग्रजी सोपं आहे. त्यातली एक पद्धत तुला उद्यापासून करता येईल. एकच पाखरू धरायचं, वीस मिनिटं, आणि ते काय करतंय ते सगळं, काही करत नसेल तर तेही. पाखरू उडून दिसेनासं झालं तर 'दिसत नाही' असं वेळेसकट लिहायचं, दुसरं धरायचं नाही.

माझ्या वहीतलं एक पान देतो, खोप्याचंच आहे.

6.40 नर क्र. 3 हेल्मेटवर. विणतोय.
6.43 गेला, उसात.
6.44 आला, पट्टी हाताच्या वितीएवढी.
6.49 मादी कड्यावर. नर फडफडतो.
6.50 मादी आत. 6.51 बाहेर, गेली.
6.51 ते 6.58 नर बसून. काही नाही.
6.58 शेजारचा नर क्र. 5 येतो, क्र. 3 च्या खोप्यातली पट्टी उपसून नेतो.
6.59 क्र. 3 मागं लागतो.

ती सात मिनिटं 'काही नाही' आहेत ना, ती मी आधी लिहीत नसे.

एक लक्षात ठेव, पाखरू पकडणं, अंडं उचलणं, पायात काही अडकवणं हे परवानगीशिवाय नाही, 1972 चा वन्यजीव कायदा आहे आणि तो कॉलेजच्या प्रोजेक्टला पण लागू आहे. बघायला परवानगी लागत नाही, फक्त बिळापाशी रोज जाऊन पायवाट पाडू नकोस, टिटवीचं वर लिहिलंय ते वाच. पुढचं शिक्षण, एम.एस्सी. कुठं, पुणे का डेहराडून का कोईमतूर, ते नंतर बोलू, तिथं मुलाखतीला तुझी ही वहीच पुढं ठेवता येईल.

आता राघूचा हंगाम गेला, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबू नकोस, विहिरीवर सुगरणी आहेत. पहिली दहा पानं झाली की मला पोस्टानं पाठव. बॉलपेननं लिही, गेल्या वर्षी एका मुलीची वही शाईच्या पेनानं लिहिलेली होती, पावसात भिजून आली, तिच्या नर क्रमांक दोनचं काय झालं ते मला अजून माहिती नाही.